मशीनच्या पाठीवरच्या सह्या

रफीकभाई,

तुम्ही गेलात हे मला आमचं वॉशिंग मशीन बंद पडल्यावर कळलं. एवढ्या एका वाक्यात माझी लायकी येऊन जाते, पुढचं ऐकलं नाहीत तरी चालेल. पण उघडलेलं मशीन तुम्ही कधी अर्धवट टाकून गेला नाहीत, तेव्हा ऐका.

मशीन पाणी सोडत नव्हतं. काचेच्या दारामागे आमच्या चादरी पाण्यात बसून माझ्याकडे बघत होत्या आणि मी अकरा महिन्यांनी तुमचा नंबर लावला. खोटं कशाला बोलू, मशीन बंद पडल्याचा मला आनंद झाला होता. तुम्हाला बोलावायला निमित्त हवं होतं आणि ते ड्रमभर पाण्यासकट समोर आलं होतं. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. तुम्ही याल, सुनंदा चहा टाकेल, आणि बशीत चहा ओतता ओतता मी सहज म्हणेन, "रफीकभाई, ते मागचं जरा…" पुढचं तुम्हीच सांभाळून घ्याल, अशी माझी योजना. माझ्या सगळ्या योजनांमध्ये पुढचं तुम्हीच सांभाळून घेत होता.

फोन तुमच्या मुलीने उचलला. "अब्बा गेले हो," ती म्हणाली. "मागच्या मंगळवारी."

त्यावर माणूस काय बोलतो? अरेरे म्हणतो, कसं झालं विचारतो. मी म्हणालो, "मग आता मशीनचं कसं?"

तोंडातून निघून गेलं, रफीकभाई. मग ती पोर तुमच्यासारख्याच शांत आवाजात म्हणाली, "मी येते. दुकान मीच बघते आता. पत्ता सांगा."

तुमचा जन्म कुठला, दुकान कधी टाकलंत, घरी कोण कोण, हे माणूस गेल्यावर लिहायचं असतं. मला यातलं काही लिहिता येणार नाही, कारण नऊ वर्षांत मी विचारलंच नाही. तुमचं मूळ घर चाकणच्या बाजूला आहे एवढं बोलण्यावरून कळायचं. मी बार्शीकडून येऊन इथे पुणेरी बोलायला शिकलेला, आणि तुम्ही "व्हय" आणि "न्हाई" करत माझ्या मशीनचं पोट उघडणारे. मी तुम्हाला नऊ वर्षं एकच प्रश्न विचारला. "किती वेळ लागेल?"

पहिल्या भेटीची आठवण तुम्हाला असणारच. मशीन नवीन आलं होतं. कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी जोडायला येणार होता, पण मी थांबणार होय? तीस वर्षं चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्समध्ये काढलेला माणूस मी. पत्रा दाबणारी खोलीएवढी प्रेस कुठे बिघडली ते नुसत्या आवाजावरून ओळखतो. हे तर टोपलीभर मोटर. त्यात गुरुवार होता, सुट्टीचा दिवस. गुरुवारी कारखान्याला सुट्टी असते आणि मला हात शिवशिवण्याचा आजार असतो. सुदैवाने त्या गुरुवारी वीज गेली नव्हती. दुर्दैवाने म्हणायला हवं.

नव्या मशीनच्या पाठीत चार लांब बोल्ट असतात. ट्रकमधून येताना आतला ड्रम आदळू नये म्हणून ते आवळलेले असतात आणि ते काढल्याशिवाय मशीन चालवायचं नसतं. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर हे चित्र काढून सांगितलेलं आहे. पण मी पुस्तिका वाचत नाही. कंपनीत मी पुस्तिका लिहितो. त्या चारातला एक बोल्ट मला जरा ढिला वाटला, तो मी पान्याने नीट आवळला.

कपडे पिळायची वेळ आली तसं मशीन चालायला लागलं. चालायला म्हणजे पायांनी. ड्राय बाल्कनीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ते थडथडत निघालं. वजन पडलं तर थांबेल म्हणून मी उडी मारून वर बसलो. ते मला घेऊन निघालं. बाल्कनीचं दार बाल्कनीच्या बाजूला उघडणारं. मशीन जाऊन त्या दाराला असं टेकलं, की दार चार बोटं उघडून अडकलं, मागे कठडा, आणि मधे मी, पाण्याचा पाईप दोन्ही हातांनी धरून. बटण बंद केलं, पण उतरायला पाऊलभर जागा नव्हती. सुनंदाने खालच्या वहिनींना विचारलं, त्यांनी तुमचं नाव सांगितलं, आणि अर्ध्या तासाने त्या फटीत तुमचा एक डोळा दिसला.

"कुठवर निघाला होता, साहेब?"

मी म्हणालो, "आधी बाहेर काढा."

"काढू की. पर त्यो लगाम सोडा पैला. पाण्याचा पाईप हाय, तुटंल."

फटीतून हात घालून तुम्ही मशीनच्या पायांखाली साबणाचं ओलं फडकं सारलंत आणि मला कठडा धरून अंग बाजूला ओढायला लावून मशीन सरकवलंत. आत आलात, पाठीमागे वाकून पाहिलंत आणि चौथ्या बोल्टावर पान्याचा ताजा ओरखडा बघितलात.

"ह्यो कुनी आवळला?"

"कारखान्यातूनच तसा आला असेल," मी म्हणालो.

"व्हय," तुम्ही म्हणालात. "लई जोर लावत्यात आजकाल कारखान्यात."

बस्स. पुढे त्यावर एक अक्षर नाही. ते चार बोल्ट तुम्ही कागदात बांधून सुनंदाच्या हातात दिलेत, माझ्या नाही. घर बदललंत तर लागतील म्हणालात.

ही गोष्ट मी कुठे कुठे सांगितली नाही? कंपनीच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, साडूच्या वास्तुशांतीला. मशीनवर बसून दाखवतो मी, खुर्ची उलटी करून. लोक डोळे पुसतात. माझी फजिती सांगण्यात मी पटाईत आहे. हे लक्षात ठेवा, कारण याच गुणाच्या आड मी पुढे लपणार आहे.

मग ते सह्यांचं. आमच्या कारखान्यात प्रत्येक मशीनच्या पाठीला एक कार्ड लटकवलेलं असतं. ज्याने हात लावला त्याने तारीख घालायची, काय केलं ते लिहायचं आणि सही ठोकायची. मशीन बंद पडलं, की साहेब येऊन पहिला प्रश्न विचारणार, "शेवटचा हात कुणाचा?" आणि कार्डावर ज्याची शेवटची सही, तो मुकाट्याने पुढे येऊन उभा राहणार. मग तो कितीही निर्दोष असो. ही पद्धत मी घरी आणली. तुम्हाला काळा मार्कर दिला आणि म्हणालो, "मशीनच्या पाठीवर लिहा. काय केलं, कधी केलं, आणि सही."

"मशीनची बी हजेरी?" तुम्ही हसलात. पण लिहिलंत. बोल्ट काढले, रफीक. सहीखाली एक छोटी रेघ मारायची तुमची सवय होती. मार्करचं टोपण लावता लावता तुम्ही विचारलंत, "आन तुमी, साहेब? तुमची सही?"

"मी कुठे हात लावतो?"

"व्हय," तुम्ही म्हणालात. "तुमी कुठं हात लावता."

नऊ वर्षांत त्या पाठीवर तुमच्या अकरा सह्या झाल्या. माझी एकही नाही. आणि प्रत्येक दोन सह्यांच्या मधल्या जागेत, जिथे काहीच लिहिलेलं नाही, तिथे मी आहे.

पावडरचं घ्या. तुमचं म्हणणं दोन चमचे. माझं म्हणणं, कारखान्याचं ग्रीस दोन चमच्यांत जातं होय? मी वाटीने घालायचो. एकदा फेस दारातून, पावडरच्या खणातून, कुठून कुठून बाहेर आला आणि खालच्या वहिनींच्या तुळशीवर पडला. तुम्ही आलात, फेस बघितलात, ओंजळभर मीठ मागवून पाण्यात कालवून खणात ओतलंत आणि नुसत्याच पाण्यावर मशीन दोनदा फिरवलंत. "जादा पावडरीनं मळ निघत न्हाई साहेब, मळाला गादी हुती," म्हणालात. मी म्हणालो, ग्रीसचं तुम्हाला काय माहीत. ज्या माणसाची नखं ग्रीसने काळी होती त्याला मी हे म्हणालो. तो वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. तुम्ही आलात, की आधी पावडरच्या डब्यातला चमचा बघायचात. मी तुम्ही येण्याआधी वाटी काढून चमचा ठेवायचो. आणि तो चमचा कोरडा ठणठणीत, कधी पावडर न लागलेला, हे तुम्हाला दिसायचं.

खालच्या झडपेमागची गाळणी मी आतलं पाणी न काढता एकदम उघडली, त्याचंही तसंच. स्वयंपाकघरापर्यंत पूर आला. तुम्ही दाखवलंत, की आधी ती करंगळीएवढी नळी बाहेर ओढायची, खाली ताट ठेवायचं, पाणी सावकाश जाऊ द्यायचं आणि मग गाळणी फिरवायची. गाळणीत निघालेला ऐवज तुम्ही वर्तमानपत्रावर ओळीने मांडलात. सुनंदाची सहा महिने हरवलेली कुडी, दोन बटणं आणि आमच्या कंपनीचे तीन नट. कुडी बघून सुनंदा तुम्हाला भाऊ म्हणायला लागली. नटांकडे बघून तुम्ही मला म्हणालात, "साहेब, कारखाना थोडा थोडा करून घरीच आणायचा इचार हाय का?"

आता मुद्द्यावर येतो. इतका वेळ का टाळला ते तुम्हाला कळत असेलच. तुमच्यासमोर मी असाच करायचो, चहाचं, पावसाचं, सगळ्याचं बोलून झाल्यावर हळूच म्हणायचो, "जरा आवाज येतोय."

मागच्या वर्षी टँकरच्या पाण्याने मशीनची पाणी आत घेणारी झडप जाम झाली. क्षार धरले होते. तुम्ही नवी झडप बसवलीत, पाठीवर लिहिलंत, सही केलीत, रेघ मारलीत. मशीन छान चालू झालं. मग गुरुवार आला.

भिंतीतल्या सांडपाण्याच्या नळाच्या तोंडातून ड्राय बाल्कनीत वास येत होता. मशीनचा मळक्या पाण्याचा पाईप तुम्ही त्या तोंडात वरच्या वर अडकवून ठेवला होता, भोवती मोकळी जागा. मला ते गबाळं वाटलं. मी तो पाईप हातभर आत दाबला आणि तोंडाभोवती पांढरं सिमेंट भरून गुळगुळीत केलं. बोट फिरवून असं सुरेख केलं, की सुनंदाला बोलावून दाखवलं. वास बंद झाला. आणि मी ते विसरून गेलो. खरंच विसरलो. इथपर्यंत माझी नुसती नेहमीची फजितीच आहे, गुन्हा अजून यायचा आहे.

दुसऱ्या दिवसापासून मशीन नुसतं पाणी पीत होतं. तास तास नळ चालू, आत वीतभरही पाणी साठत नव्हतं, शेवटी टूं टूं करून बंद. टँकरचं पाणी असं वाया जाताना बघून माझं डोकं फिरलं. मी कागद घेऊन बसलो. कंपनीत करतो तसं, का, मग का, मग त्याचं कारण का. सगळे बाण एकाच जागी गेले. पाणी घेण्यात बिघाड आहे. पाण्याची झडप नवी आहे. शेवटचा हात कुणाचा? मशीनच्या पाठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं.

तुम्हाला फोन करायला हवा होता. मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. "रफीकभाईंनी दोन नंबरची झडप बसवली, मशीन तीन दिवसांत बंद. सर्वांनी सावध राहावे." चौऱ्याऐंशी फ्लॅट, रफीकभाई. त्यातल्या निम्म्याहून जास्त घरांत तुमचा हात फिरलेला. तरी पाच मिनिटांत कुणाला तरी आठवलं, की आपलाही पंखा मागे बिघडला होता. कुणी लिहिलं, हे लोक असेच. हे लोक म्हणजे कोण, ते मला कळलं. मी त्याला अंगठा दिला नाही, एवढंच माझं शौर्य. असं लिहू नका, असंही मी लिहिलं नाही. संध्याकाळी आमचे सेक्रेटरी तावरे यांनी गेटवर सांगितलं, की त्या दुकानाच्या माणसाला आत सोडायचं नाही. वॉचमनच्या वहीत तसं लिहिलं गेलं.

तुम्ही दुसऱ्याच दिवशी आलात. वॉचमनने इंटरकॉम केला. "साहेब, रफीकभाई आलेत. म्हणतायत फक्त पाच मिनिटं मशीन बघू द्या."

"मी घरी नाही म्हणून सांग," मी म्हणालो.

आणि खिडकीशी गेलो. तुम्ही गेटच्या बाहेर स्कूटरला टेकून उभे होतात, हत्यारांची पिशवी पायाशी. तुम्ही वर बघितलंत. आमची खिडकी तुम्हाला नेमकी ठाऊक होती. मी पडद्यामागे झालो. साठीला आलेला माणूस मी, पडद्यामागे.

घरी पोचल्यावर तुम्ही आवाजात निरोप पाठवलात. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यात मागे भांड्यांचा आवाज येतो. "साहेब, रागावू नका. झडप असंल खराब तर दुसरी बसवू, पर त्याआधी तेवढा सांडपाण्याचा पाईप बघा. खाली दाबला का कुनी? त्याचं टोक वर पायजे, भवतीनं हवा लागली पायजे. न्हाईतर एकीकडून पाणी येतंय आन दुसरीकडून वढून जातंय. गाडीतलं पेट्रोल नळीनं काढत्यात न्हवं, तसं. वर काढला की चालंल. वैनींची कापडं अडकली असतील."

कुनी. तुम्ही "कुनी" म्हणालात. सगळ्या सोसायटीसमोर मी तुमचं नाव घेऊन लिहिलं होतं, आणि एकट्या माझ्याशी बोलतानाही तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत.

मी छिन्नी घेतली, सिमेंट फोडलं, पाईप वर ओढला. मशीन सुरू केलं. काचेमागे पाणी चढत गेलं, कपडे फिरायला लागले. मी तिथेच पाटावर बसून राहिलो.

तिथून उठून मी काय केलं ते आता सांगतो. ग्रुपवर लिहिलं, "मशीन दुरुस्त. कंपनीतला अनुभव कामी आला." सत्तावीस अंगठे आले. कुणी मला वाकून नमस्कार करणारे हात पाठवले. सुनंदाने विचारलं, "काय होतं हो?" मी म्हणालो, "झडपेचंच होतं काहीतरी, केलं नीट." तुमच्या निरोपाला उत्तर दिलं नाही. उद्या देऊ म्हटलं. मग जितके दिवस जास्त झाले, तितकं ते उत्तर मोठं होत गेलं, आणि शेवटी माझ्या उंबऱ्यातून बाहेर पडेना.

आणि ती गोष्टही मी सांगायला लागलो, रफीकभाई. बसमध्ये, पंगतीत. मेकॅनिकला जमलं नाही ते मी कसं जमवलं. आयुष्यभर मी स्वतःला मूर्ख ठरवून लोकांना हसवत आलो. एकच गोष्ट मी शहाणा होऊन सांगितली, आणि तेवढीच खोटी होती. ती लोकांना पटली, कारण जो माणूस आपली इतकी फजिती आपणहून सांगतो, तो खोटं कशाला बोलेल?

तर तुमची शाहीन आली. वॉचमनचा फोन आला. "साहेब, ते बंदी असलेल्या दुकानाचं माणूस आलंय. मुलगी आहे. काय करू?" मी खाली गेलो. ती गेटबाहेर तुमच्याच स्कूटरला टेकून उभी होती, तीच पिशवी पायाशी. मी वहीत माझं नाव घालून, सही करून तिला आत घेतली. जिन्यात ती म्हणाली, "अब्बा म्हणायचे, त्या सोसायटीत आपल्याला सोडत नाहीत. का, ते मात्र कधी सांगितलं नाही. तुम्हाला माहितीय का काही?"

मी म्हणालो, "असेल तावरेंचं काहीतरी."

ऐकताय ना? तुम्ही गेल्यानंतर दहाव्या दिवशी, तुमच्या लेकीला, जिन्यात.

तिने काम सुरू केलं. करंगळीएवढी नळी ओढली, ताट ठेवलं, पाणी सावकाश जाऊ दिलं. मी बाजूला उभा राहून ते हात बघत होतो आणि मला वर बघवत नव्हतं. गाळणीतून आमच्या कंपनीचा नट निघाला. तिने वर्तमानपत्र मागितलं, त्यावर तो नट ठेवला आणि मग एकदम माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे ते घोड्यावरचे साहेब तुम्ही का?"

"कोण?"

"अब्बा सांगायचे घरी. एक साहेब मशीनवर बसून बाल्कनीभर फिरले, पाईपाचा लगाम धरून. नाव नाही घ्यायचे. आम्ही लई विचारायचो कोण, तर म्हणायचे, हायत एक, मानूस चांगला हाय, नुसते हात शिवशिवतात." ती हसत होती. मग हसता हसता थांबली आणि पुन्हा खाली बघून गाळणी पुसायला लागली. दहा दिवसच झाले होते तिला.

माझी खरी फजिती तुम्ही नाव न घेता सांगितलीत. तुमची खोटी चूक मी नावानिशी लिहिली.

मग तिने मशीन पुढे ओढलं आणि पाठ बघितली. तुमच्या सह्या. तिचं बोट एकेका सहीवरून, सहीखालच्या रेघेवरून खाली आलं. "हे काय आहे?" तिने विचारलं. मी सांगितलं, आमच्या कंपनीत असं असं असतं, शेवटचा हात कुणाचा ते कळावं म्हणून. ती बराच वेळ शेवटच्या सहीपाशी थांबली. मग तिची नजर बाजूला भिंतीकडे गेली. नळाच्या तोंडाभोवती फोडलेल्या पांढऱ्या सिमेंटची अर्धी कडा अजून होती. तिने पाईप बघितला, कडा बघितली, सहीवरची तारीख बघितली. तुमचीच पोर ती.

"हा पाईप," तिने विचारलं, "खाली दाबला होता का कुणी?"

तोच प्रश्न, रफीकभाई. तोच "कुणी". सुनंदा चहा घेऊन दारात उभी होती.

"मी," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. ग्रुपवर काय लिहिलं, खिडकीतून काय बघितलं, तुमचा निरोप, सत्तावीस अंगठे, जिन्यातलं तावरेंचं खोटं. एकही विनोद न करता सलग एवढं मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो असेन. सुनंदाने चहाचे कप खाली ठेवले आणि ती आत निघून गेली. अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. तिने तुम्हाला भाऊ म्हटलं होतं.

शाहीन रडली नाही, ओरडली नाही. तिने निरोप ऐकायला मागितला. मी फोन दिला. तिने तो कानाशी धरून दोनदा ऐकला. मी म्हणालो, "बाळा, मला माफ…"

"मला नका सांगू," ती म्हणाली. "मला काय सांगताय? जिथं लिहिलं होतं तिथं लिहा. आणि गेटवर सांगा." मग पिशवी आवरत हळू आवाजात म्हणाली, "ते त्या दिवशी घरी आल्यावर जेवले नव्हते. मला वाटलं ऊन लागलं."

हे तुम्ही मला निरोपात सांगितलं नव्हतंत.

तिने मार्कर मागून घेतला, तुमच्या सहीखाली आपली सही केली आणि खाली रेघ मारली. तशीच, छोटी. चहा तसाच राहिला.

ती असतानाच लिहिलं मी ग्रुपवर. तुम्हाला वाचून दाखवतो. "मागच्या वर्षी मी रफीकभाईंबद्दल लिहिलं ते खोटं होतं. झडप चांगली होती. पाईप मी दाबला होता. मशीन मी दुरुस्त केलं नाही, त्यांनी फोनवर सांगितलं तसं केलं. मी गेटवरून त्यांना परत पाठवलं. ते आता नाहीत. तेव्हा कुणीतरी 'हे लोक' असं लिहिलं होतं आणि मी गप्प बसलो, तेही माझंच आहे. दुकान त्यांची मुलगी शाहीन चालवते."

एकही अंगठा आला नाही. मग खालच्या वहिनींनी लिहिलं, "आम्हीही त्यानंतर त्यांना बोलावलं नाही." बस्स, एवढंच. त्यांच्या तुळशीवरचा फेस तुम्ही धुतला होता. तावरेंनी लिहिलं, गेटवर सांगतो. मी सांगण्याची वाट बघितली नाही. शाहीनला सोडायला खाली गेलो आणि वॉचमनला वही उघडायला लावली. त्याने तुमच्या दुकानाच्या नावावर काट मारली. खाली तिने, जाताना, आपल्या वेळेसमोर सही केली. माझ्याकडे बघितलं नाही. स्कूटर सुरू केली आणि गेली. परवा दोन नंबरच्या इमारतीत तिला कुणी बोलावलं होतं, असं वॉचमन म्हणाला. मला तिने कळवलं नाही, आणि का कळवावं?

काल गुरुवार होता. मी मशीन पुढे ओढलं. तुमच्या शेवटच्या सहीच्या आणि शाहीनच्या सहीच्या मधे बोटभर जागा होती. तिथे बारीक अक्षरात लिहिलं, पाईप दाबला, सिमेंट भरलं, मोहिते. तारीख घातली. मग वर वर जात राहिलो. गाळणी पाणी न काढता उघडली, मोहिते. वाटीने पावडर घातली, मोहिते. अगदी वर, तुमच्या पहिल्या सहीच्याही वर लिहिलं, चौथा बोल्ट आवळला, मोहिते. तुमच्या सह्यांच्या मधे इतकी जागा होती, आणि ती सगळी भरली. खाली रेघ मात्र मारली नाही. ती तुमची आहे.

मग मशीनमध्ये कपडे टाकले, दोन चमचे पावडर घातली आणि सुरू केलं. पाईपचं टोक वर आहे, भोवती हवा आहे. नळाच्या तोंडातून वास येतो. सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "वास येतोय."

मी तिथेच पाटावर बसून होतो. म्हटलं, "येऊ दे."